भूमिगत वाहिन्या आणि त्यांच्या खुणा : जुन्नर-आंबेगाव भागातील खोदकामाच्या अनुषंगाने

खोदकाम करणारा मनुष्य जमिनीचा पृष्ठभाग पाहतो. त्याचे काम मात्र पृष्ठभागाखाली चालते. जे दिसते आणि ज्यावर घाव पडतो त्यांच्यामधील हे अंतर कोणत्या ना कोणत्या खुणेने भरून काढावे लागते. ही खूण कधी दगडाची असते, कधी कागदावरील रेषेची, तर कधी कोणा म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडच्या एका वाक्याची. ती नसेल, चुकीची असेल किंवा तिचा अर्थ लागला नाही, तर पहार पाण्याच्या नळात शिरते, यंत्राचा दात विजेच्या तारेवर बसतो, अथवा काचेचा केसाएवढा धागा तुटतो. अशा प्रसंगाला सामान्यतः ‘अपघात’ म्हणतात व त्याचा दोष यंत्रचालकाच्या वा मजुराच्या निष्काळजीपणावर टाकतात. परंतु प्रसंगाची फोड केली असता बहुधा असे आढळते की, इजा हाताने झालेली असली तरी चूक खुणेत झालेली असते. ज्याला वाहिनीचे ज्ञान होते तो चरापाशी नव्हता, आणि जो चरापाशी होता त्याच्यापर्यंत ते ज्ञान पोहोचले नव्हते. म्हणून हा प्रश्न जितका स्थापत्यशास्त्राचा तितकाच संकेतव्यवहाराचा, म्हणजे व्यापक अर्थाने भाषेचाही आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या आधाराने त्याचा येथे विचार केला आहे.

१. भूमीचे स्वरूप

या दोन तालुक्यांची रचना पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने बदलते. पश्चिमेला माळशेज व भीमाशंकरच्या बाजूचा सह्याद्री, तेथे विपुल पाऊस; पूर्वेला अवघ्या काही कोसांवर अवर्षणाच्या छायेतील माळराने. निसर्गाने पाणी एका टोकाला दिले आणि शेतीयोग्य सपाटी दुसऱ्या टोकाला. ही विसंगती दूर करण्यासाठी कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही धरणे बांधण्यात आली आणि कालव्यांचे जाळे पसरले. कालवा जेथे पोहोचत नाही तेथे शेतकऱ्यांनी नदीवरून, विहिरीवरून वा कालव्याकाठच्या उद्भवावरून स्वखर्चाने नळवाहिन्या टाकल्या. एका गटातून दुसऱ्या गटात, बांधाखालून, ओढ्याखालून, रस्त्याखालून गेलेल्या या वाहिन्या हे या भूमीचे अदृश्य जलव्यवस्थापन होय. नारायणगावची टोमॅटोची प्रसिद्ध बाजारपेठ आणि आसपासच्या द्राक्षबागा यांचा आधार पुष्कळ अंशी जमिनीखाली आहे.

या जुन्या थरावर अलीकडच्या काळात नवे थर चढले. केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केलेल्या, पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने प्रकाशतंतूंच्या केबली ग्रामपंचायतींच्या दारापर्यंत नेण्याचे ठरवले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने घरोघर नळ देण्यासाठी गावोगावच्या आळ्यांतून चर खणावयास लावले. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव व आळेफाटा या गावांजवळून जातो. त्याचे रुंदीकरण व वळणरस्ते यांसाठी मोठ्या प्रमाणावर भूमी हलली. या सर्वांना जागा मात्र एकच, ती म्हणजे रस्त्याची कड. पाण्याचा नळ, विजेची तार आणि दूरसंचाराचा धागा यांना शेजारी-शेजारी राहावे लागते, आणि एकासाठी खणलेला चर दुसऱ्याच्या अंगावरून जातो.

येथे भूस्तराचाही परिणाम होतो. मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असून त्याखाली मुरूम व मग काळा पाषाण लागतो. पाषाण फोडणे खर्चाचे व वेळखाऊ असल्यामुळे चर तेथे उथळ राहण्याकडे कल असतो. एकच वाहिनी काळ्या मातीत खोल व खडकात उथळ अशी वरखाली होत जाते. पृष्ठभागावर मात्र या चढउताराचा काहीच मागमूस नसतो.

२. खोली : एक फसवे परिमाण

कोणती वाहिनी किती खोल असावी याचे दंडक आहेत. दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याविषयी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ४९ मध्ये तरतूद आहे. शेजाऱ्याची संमती मिळत नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि भूमिगत नळ टाकावयाचे असल्यास ते पृष्ठभागापासून किमान अर्धा मीटर खाली असावे लागतात. विजेच्या केबलीसंबंधी भारतीय मानक १२५५ मध्ये कमी दाबाच्या केबलीस ०·७५ मीटर, ११ किलोव्होल्टपर्यंतच्या केबलीस ०·९० मीटर आणि २२ व ३३ किलोव्होल्टच्या केबलीस १·०५ मीटर खोली सांगितली आहे. प्रकाशतंतूच्या केबलीसाठी साध्या मातीत १·६५ मीटर ही दूरसंचार खात्याची रूढ खोली होय.

हे आकडे पाहून एखाद्याचा असा समज होईल की जमीन म्हणजे एक सुव्यवस्थित कपाट असून प्रत्येक वस्तू आपापल्या कप्प्यात आहे. वस्तुस्थिती तशी नाही. खोली ही वाहिनीची मालमत्ता नव्हे. ते वाहिनी आणि पृष्ठभाग या दोहोंमधील अंतर आहे. वाहिनी जागची हलत नसली तरी पृष्ठभाग हलतो. शेताचे सपाटीकरण झाले की उंचवट्यावरील माती खोलगटात जाते. उंचवट्याखालचा नळ वर येतो, खोलगटातील नळ आणखी खाली जातो. ओढ्याकाठची माती पुराने धुपते. रस्त्यावर भर पडली की केबल दुप्पट खोल जाते आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. अर्धा मीटर ही कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा बैलाच्या नांगराला पुरेशी होती; ट्रॅक्टरच्या मागे लावलेल्या खोल नांगराला आणि जेसीबीच्या बकेटला ती पुरत नाही. म्हणून ‘इतक्या फुटांपर्यंत काही लागणार नाही’ हे खोदकामावर नेहमी ऐकू येणारे विधान वाहिनी टाकली त्या दिवशी खरे असू शकेल, पण आज ते खरे आहे असे त्यावरून ठरत नाही.

३. खोडदची दुर्बीण : एका धाग्याचे मोल

भूमिगत वाहिनीचे महत्त्व तिच्या जाडीवर अवलंबून नसते याचे उत्तम उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावजवळील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून व नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात असून उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात तीन भुजांवर, शेतांच्या व गावांच्या मध्ये, विखुरलेल्या आहेत. दोन टोकांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

या तबकड्या सुट्या नाहीत. सगळ्या मिळून एक यंत्र होते. प्रत्येक तबकडीने टिपलेला रेडिओसंदेश प्रकाशतंतूंच्या वाहिनीतून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तेथे प्रत्येक तबकडीचा संदेश अन्य प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी ताडून पाहिला जातो. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. एका तबकडीचा संबंध तुटला तर ती ज्या २९ जोड्यांत भाग घेते त्या सर्व निकामी होतात. समजा, एका भुजेवर एकाच ठिकाणी चर खणताना पाच तबकड्यांचे धागे तुटले, तर २५ तबकड्यांच्या ३०० जोड्या उरतात; म्हणजे ४३५ पैकी १३५ जोड्या, जवळजवळ एक तृतीयांश, एका घावाने जातात. शिवाय दूरच्या जोड्यांवरच दुर्बिणीचे सूक्ष्म दर्शन अवलंबून असल्यामुळे गेलेल्या जोड्या सामान्य नसतात.

हे धागे जमिनीखाली ठेवण्याचे कारण केवळ संरक्षण हे नव्हे. संदेशांची तुलना करताना त्यांच्या कलांतील सूक्ष्म फरक महत्त्वाचा असतो, आणि तापमान बदलले की तंतूतून जाणाऱ्या संदेशाचा कल बदलतो. दिवस-रात्रीचा तापमानबदल जमिनीत जसजसे खाली जावे तसतसा मंदावतो, म्हणून जमीन हे धाग्याचे कवच आहे तसेच त्याचे घरही आहे. परंतु जे आवरण धाग्याला उन्हापासून वाचवते तेच त्याला माणसाच्या दृष्टीआड करते. लपवणे आणि जपणे या दोन क्रिया येथे एकरूप झाल्या आहेत, आणि भूमिगत वाहिनीची सगळी अडचण या एकरूपतेत आहे.

शेतकऱ्याच्या नळाची गोष्ट मूल्यदृष्ट्या याहून कमी नाही. कालव्याचे आवर्तन ठराविक दिवसांचे असते आणि शेतीची वीजही पाळीने मिळते. ऐन उन्हाळी आवर्तनात नळ फुटला आणि दुरुस्तीला चार दिवस लागले, तर पाणी डोळ्यांदेखत पुढे निघून जाते. गावच्या पिण्याच्या नळाला भोक पडले तर धोका निराळा असतो. पाणी चोवीस तास नसल्यामुळे नळातील दाब दिवसातून बराच काळ शून्यावर येतो, आणि त्या वेळी चरात साचलेले घाण पाणी उलट नळात ओढले जाते. चर बुजवणारे निघून गेल्यावर आठवडाभराने आळीत पोटाचे विकार सुरू होतात, आणि त्यांचा त्या चराशी संबंध जोडण्याचे कोणालाही सुचत नाही.

४. खुणांचे तीन वर्ग

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९-१९१४) याने चिन्हांचे तीन वर्ग केले : सादृश्याने सुचवणारी प्रतिमा, प्रत्यक्ष संबंधाने सुचवणारे लक्षण आणि रूढीने सुचवणारा संकेत. भूमिगत वाहिनीच्या खुणांना हे वर्गीकरण चांगले लागू पडते.

लक्षणे ही वाहिनीने स्वतः उमटवलेली असतात. बुजवलेला चर दोन पावसाळ्यांत खचतो व जमिनीवर लांबट खोलगट पट्टी दिसते. नळ पाझरत असेल तर वैशाखातही गवताची एक हिरवी रेघ राहते. खोदताना अकस्मात भुसभुशीत माती लागली, मुरुमाच्या थरात बाहेरची वाळू आढळली, तर ही जमीन पूर्वी कोणीतरी खणली आहे असे अनुमान होते. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान सांगितले आहे ते याच जातीचे. तथापि, त्याच शास्त्राने दिलेला इशाराही येथे लक्षात ठेवावयास हवा. धूर असेल तेथे अग्नी असतो. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही असे म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात धुरावाचून अग्नी असतो. ‘खूण दिसत नाही, म्हणून वाहिनी नाही’ हे अनुमान तितकेच सदोष असून खोदकामातील पुष्कळशा दुर्घटनांच्या मुळाशी तेच असते.

प्रतिमांमध्ये नकाशे व आराखडे येतात. त्यांचा दोष असा की, नकाशा बहुधा काम करण्यापूर्वी काढलेला असतो. काम चालू असता खडक लागला, झाड आडवे आले, शेजाऱ्याने हरकत घेतली, आणि चर चार हात वळला. नकाशावरील रेषा मात्र सरळच राहिली. असा नकाशा वाहिनी कोठे आहे हे सांगत नाही, ती कोठे टाकण्याचा विचार होता हे सांगतो. दोहोंतील फरक व्याकरणातील विध्यर्थ आणि भूतकाळ यांच्यातील फरकासारखा आहे.

संकेतांमध्ये मार्गदर्शक दगड, रंग, पट्ट्या व फलक येतात. विजेच्या केबलीवर वाळूचा थर देऊन वर विटा वा फरशा मांडण्याची पद्धत आहे. त्या घाव अडवतात, तसेच बोलतातही : ‘येथे थांब.’ जाणत्या मजुराला मातीत ओळीने लागलेल्या विटा हे एक वाक्य असते. अजाण मजुराला ते केवळ जुने बांधकाम वाटते आणि तो विटा उपटून बाजूला टाकतो. संकेत शिकवावा लागतो, तो स्वयंसिद्ध नसतो. रंगांचेही तसेच. अमेरिकेत जमिनीवर खुणा करताना निळा रंग पिण्याच्या पाण्याला, हिरवा सांडपाण्याला, तांबडा विजेला, पिवळा वायूला व नारिंगी दूरसंचाराला वापरतात. भारतीय मानक २३७९ मध्ये नळांच्या रंगांचा जो संकेत आहे त्यात पाण्याला समुद्री हिरवा रंग दिला आहे. एकाच हिरव्या रंगाचा अर्थ एके ठिकाणी पाणी, दुसऱ्या ठिकाणी मैला. चिन्ह व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे वर्गातून उठून चराच्या काठावर येतो.

खुणांचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाच्या सीमेसाठी वड-पिंपळासारख्या वृक्षांच्या प्रकट खुणा सांगितल्या आहेतच. त्यांखेरीज दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू अशा पदार्थांच्या गुप्त खुणा जमिनीत पुरण्यास सांगितले आहे, कारण सीमेविषयी लोकांचा नेहमी भ्रम होतो. प्रकट खूण नाहीशी झाली तरी गुप्त खूण साक्ष देईल, हा त्यातील विचार. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या भूमिगत नळावर ठिकठिकाणी वर निघालेले ‘उच्छ्वास’ बांधले गेले. त्यांचे प्रयोजन जलवहनाचे; परंतु नळाचा मार्गही ते वरून दाखवीत. जी वाहिनी श्वास घेण्यासाठी वर येते तिला निराळी खूण लागत नाही. आजच्या वाहिन्यांना वर येण्याचे कारण उरले नाही, आणि म्हणून त्या मुक्या झाल्या.

५. बोलीतील स्थलनिर्देश

शेतातील खासगी नळांच्या बाबतीत दगड नसतो, नकाशाही नसतो. तेथे ज्ञान बोलीत साठवलेले असते. ‘विहिरीपासून निघून आंब्याच्या वरल्या अंगाने, बांधाच्या अलीकडून, कमरेइतका खोल’ हे अशा ज्ञानाचे प्रातिनिधिक रूप. यातील प्रत्येक घटक तपासण्याजोगा आहे.

‘अलीकडे-पलीकडे’ हे शब्द बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतात. जर्मन भाषामानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर याने १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या भाषासिद्धान्तात अशा शब्दांना ‘मी-येथे-आत्ता’ या बिंदूपासून मोजले जाणारे दर्शक शब्द म्हटले आहे. घराच्या ओट्यावरून सांगितलेले ‘बांधाच्या अलीकडे’ हे बांधाच्या दुसऱ्या बाजूने शिरलेल्या यंत्रचालकाला नेमके उलट पोहोचते. ‘वरल्या अंगाला-खालल्या अंगाला’ हे उताराच्या वा प्रवाहाच्या अपेक्षेने असते. सपाटीकरणानंतर त्याचा आधार जातो. ‘उगवतीकडे-मावळतीकडे’ ही जोडी त्या मानाने स्थिर, कारण ती बोलणाऱ्याशी नव्हे तर सूर्याशी बांधलेली आहे. ‘कमरेइतका’, ‘गुडघाभर’, ‘परसभर’ ही मापे माणसाच्या देहावरून आलेली. ती कोणाच्या देहाची, हे सांगितलेले नसते. आणि आंबा? तो असेल तोवर खूण; रस्ता रुंद झाला वा वारसांत वाटप झाले की आंबा जातो, मागे ‘आंब्याचे शेत’ हे नाव तेवढे राहते.

यापेक्षाही घातक गोष्ट एका शब्दाच्या अतिव्याप्तीची आहे. ‘लाइन’ हा शब्द बोलीत पाण्याच्या नळाला, विजेच्या तारेला आणि दूरध्वनीच्या केबलीला सारखाच लावला जातो. ‘खाली लाइन आहे, जपून’ असे कोणी ओरडले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे? पाण्याचा नळ समजून जो मनुष्य पहारीने माती उकरू लागेल, त्याच्या हाती ११ किलोव्होल्टची केबल लागू शकते. शब्द ऐकू आला, सावधानतेचा उद्देशही कळला. तरी संदेश पोहोचला नाही. त्यात यंत्रचालक पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्याचा वा दुसऱ्या राज्याचा असतो. गावची दिशादर्शक बोली त्याला परकी असते आणि भाड्याचा तास चालू असल्यामुळे पुन्हा विचारण्यास त्याला सवड नसते.

६. नोंद आणि कायदा

ज्ञान बोलीतून लेखी नोंदीत आणण्याचे प्रयत्न जगभर झाले आहेत. अमेरिकेत २००७ सालापासून ८११ हा एकच दूरध्वनी क्रमांक देशभर चालू आहे. खोदण्यापूर्वी त्यावर कळवले की संबंधित संस्था येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात. ब्रिटनमध्ये भूमिगत वाहिन्यांच्या सर्वेक्षणाची प्रतवारी सांगणारे विनिर्देश २०१४ साली प्रसिद्ध झाले. नकाशावरील रेषा कागदपत्रांवरून काढली, उपकरणाने शोधली की प्रत्यक्ष उघडून पाहिली, हे त्यात नोंदवावे लागते. भाषाभ्यासकाला ही कल्पना परिचित वाटेल. ‘आहे म्हणतात’, ‘असावे’ आणि ‘पाहिले’ या तीन विधानांचे प्रामाण्य सारखे नसते, आणि नोंदीने हा भेद पुसता कामा नये.

भारतात २२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘कॉल बिफोर यू डिग’ या मोबाइल-उपयोजनाचे उद्घाटन झाले. खोदणाऱ्याने जागा व काळ कळवावयाचा, त्या जागेत ज्यांच्या वाहिन्या आहेत त्या संस्थांना सूचना जावयाची आणि त्यांनी आपली वाहिनी दाखवावयाची, अशी ही योजना आहे. असंघटित खोदकामाने देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा अंदाज त्या वेळी शासनाने दिला होता. योजनेचे तत्त्व निर्विवाद आहे. परंतु तिची परिणामकारकता दोन गोष्टींवर अवलंबून राहते. एक, संस्थेची स्वतःची नोंद खरी असली पाहिजे. दोन, वाहिनीला मालक-संस्था असली पाहिजे. जुन्नर-आंबेगावातील शेतनळांना अशी संस्था नाही; त्यांचा मालक एक कुटुंब असते, आणि नोंद त्या कुटुंबाच्या स्मरणात.

उपकरणांवर सर्वस्वी विसंबूनही चालत नाही. विद्युत्-चुंबकीय शोधकाला धातू लागतो. प्लास्टिकचा नळ वा प्लास्टिकच्या नळीतील काचेचा धागा त्याला दिसत नाही, जोवर टाकतानाच त्याच्यासोबत एखादी धातूची तार पुरलेली नाही. भूवेधी रडारच्या लहरी ओलसर काळ्या चिकणमातीत लवकर शोषल्या जातात. म्हणजे ज्या बागायती जमिनीत नळ अधिक, तेथेच यंत्राची दृष्टी मंद.

७. न सांगितलेला घाव

सर्वांत अनर्थकारक घाव तो, जो लागला पण सांगितला गेला नाही. अमेरिकेतील बेलिंगहॅम येथे १० जून १९९९ रोजी इंधनवाहिनी फुटून आग लागली व तिघांचा मृत्यू झाला. चौकशीत आढळले की, १९९४ साली जवळच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या कामात खोदताना त्या वाहिनीला इजा झाली होती. पाच वर्षे ती इजा मातीखाली राहिली.

नळाला ओरखडा पडला, केबलीचे आवरण सोलले गेले, तरी त्या क्षणी काहीच घडत नाही. मजुरापुढे दोन पर्याय असतात : सांगणे किंवा माती लोटणे. सांगितले तर मजुरी कापली जाईल, काम थांबेल, ठेकेदार रागावेल. माती लोटली तर संध्याकाळ सुखात जाईल. अशा परिस्थितीत मौन ही व्यक्तीची दुष्टता नसून व्यवस्थेने शिकवलेली भाषा होय. ज्या कामावर इजा सांगणाऱ्याला शिक्षा होते, त्या कामावर इजा थांबत नाहीत. फक्त त्यांचा उच्चार थांबतो.

८. व्यवहारातील रीत

वरील विवेचनातून जी रीत निष्पन्न होते ती साधी आहे. खोदण्यापूर्वी संस्थांना कळवावे. शेतात खोदावयाचे असल्यास जमिनीच्या मालकाला व शेजारच्या गटांतील जाणत्यांना प्रत्यक्ष जागेवर बोलवावे, आणि त्यांनी तोंडाने सांगितलेली वाट त्यांच्याकडूनच फक्कीने जमिनीवर आखून घ्यावी, म्हणजे ‘अलीकडे-पलीकडे’चा घोटाळा तेथेच संपतो. ‘लाइन’ हा शब्द कामावर एकटा वापरू नये; पाण्याची, विजेची की केबलची हे प्रत्येक वेळी म्हणावे. संशयित वाहिनीच्या जवळ यंत्र थांबवून हाताने चाचणीखड्डा घ्यावा. तेथे टोकदार पहार व टिकाव यांपेक्षा फावडे बरे, आणि माती उभ्या घावाने न फोडता आडवी ओढावी. वाळू, विटा वा रंगीत पट्टी लागताच काम थांबवून विचारावे.

घाव बसलाच तर पुढील वागणे वाहिनीच्या जातीप्रमाणे बदलते. यंत्र विजेच्या केबलीस लागले असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत चालकाने आसनावरच राहावे व इतरांनी दूर व्हावे; त्याला उतरवण्यासाठी धावणारा मनुष्य अनेकदा पहिला बळी ठरतो. वायूचा वास आल्यास इंजिन व विडी दोन्ही बंद करून वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जावे. तुटलेल्या प्रकाशतंतूच्या टोकात डोकावू नये, कारण त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नसूनही अपाय करू शकतो. पिण्याचा नळ फुटल्यास पुरवठा बंद करावा, आणि दुरुस्तीनंतर नळ धुऊन व पाणी निर्जंतुक करूनच तो पुन्हा सुरू करावा.

चर बुजवण्यापूर्वी आणखी एक काम उरते आणि बहुधा तेच राहून जाते. उघडी वाहिनी ही क्वचित मिळणारी संधी असते. त्या एका दिवशी ती सर्वांना दिसते. तेव्हाच तिचे छायाचित्र घ्यावे, न हलणाऱ्या दोन ठिकाणांपासून, उदाहरणार्थ विहिरीचा कठडा आणि हद्दीचा दगड यांपासून, तिची अंतरे मोजावीत, खोली व तारीख लिहावी आणि ती नोंद गटक्रमांकासह ग्रामपंचायतीत ठेवावी. अशी वही ठेवण्यास मोठ्या खर्चाची वा मोठ्या यंत्राची गरज नाही. या दोन तालुक्यांत ज्यांनी स्वतःच्या हातांनी पहिले नळ टाकले ती पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांच्यापैकी प्रत्येकाबरोबर जमिनीचा एक नकाशा नाहीसा होतो, आणि पुढे तो पुन्हा मिळवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाव. ही वही ते अजून सांगू शकतात तोवर लिहून घेतली पाहिजे, आणि गावातील शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना हे काम एका उन्हाळी सुटीत करता येण्यासारखे आहे.